नगरपालिकेचे आरोग्यखाते : एका दिवसाचे काम

आरोग्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम डॉक्टर उभा राहतो, मग दवाखाना आणि मग औषधाची बाटली. हे स्वाभाविकच आहे. परंतु आजारी पडलेल्या एका माणसाला बरे करणे ही एक गोष्ट, आणि तीस हजार माणसांना आजारीच पडू न देणे ही अगदी निराळी गोष्ट. हे दुसरे काम ज्या खात्याकडे सोपविलेले आहे त्याची आपल्याला आठवण होते ती घंटागाडी चुकली किंवा गटार तुंबले म्हणजे. काम बिघडले की खाते दिसते. काम नीट चालले की ते दिसत नाही. आज या न दिसणाऱ्या कामाचीच आपण थोडी ओळख करून घेऊ.

मी वैद्यकशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. सफाई आणि पाणीपुरवठ्याकडील कामगारांत संघटनेचे काम करताना त्यांच्या मागण्यांचा मसुदा लिहावा लागतो, आणि मसुदा लिहायचा तर आधी काम समजून घ्यावे लागते. हातमोजे कशासाठी हवेत, हे सांगता आले नाही तर ते मिळत नाहीत. म्हणून आज जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे मी त्या लोकांकडूनच शिकलो आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातील नगरपालिका १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चालतात. चाळीस हजारांपर्यंत वस्तीची नगरपालिका ही 'क' वर्गातली. आपल्या राज्यातील कितीतरी तालुक्यांची गावे या वर्गात बसतात. रस्ते झाडणे, गटारे साफ ठेवणे, कचरा व मैला हलविणे, पिण्याचे पाणी पुरविणे, साथीच्या रोगांना आळा घालणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, ही कामे या कायद्याने नगरपालिकेच्या मर्जीवर ठेवलेली नाहीत. ती तिची कर्तव्ये आहेत. त्यांवर देखरेख करण्यासाठी निवडून आलेल्या सभासदांची स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती असते. कागदावर गावाचे आरोग्य पाहणारे मंडळ ते हेच. पण समितीची बैठक अधूनमधून होते, आणि गावाला घाण रोज करता येते. तेव्हा खरे मंडळ बसते ते सकाळी सहाला, हजेरीच्या चौकीवर.

तिथे मुकादम असतो. त्याच्या हातात हजेरीपत्रक असते. झाडूवाल्या बाया, गटारवाले, घंटागाडीवरचे, फवारणीवाला, असे सगळे येतात आणि त्यांना बीट वाटून दिले जाते. चार माणसे गैरहजर असली तर कोणत्या गल्लीचे काम आज राहू द्यायचे, हा निर्णय मुकादम दोन मिनिटांत घेतो. गावाच्या आरोग्याविषयीचा दिवसातला पहिला निर्णय हा, आणि त्याची नोंद कोणत्याही ठरावात सापडत नाही.

गटार साफ करणे म्हणजे फावड्याने गाळ वर काढणे, एवढेच आपण समजतो. पण काढलेला गाळ काठावर राहिला तर पहिल्या पावसाच्या सरीबरोबर, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्या चाकांबरोबर, तो पुन्हा आत जातो. म्हणजे उपसणारी जोडी आणि उचलणारी गाडी यांची सांगड त्याच दिवशी बसली पाहिजे. गाडीत डिझेल नसले की गटारवाल्यांची अर्धी मेहनत वाया गेली. आणि तुंबलेल्या गटाराचा प्रश्न नुसत्या दुर्गंधीचा नाही. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स जातीचा डास अशा घाण, साचलेल्या पाण्यातच वाढतो. वाहते पाणी त्याला मानवत नाही. गटार वाहते ठेवणे हेच त्या डासावरचे पहिले औषध होय.

आता पाण्याकडे वळू. तीस हजार वस्तीच्या गावाला माणशी शंभर लिटर धरले तर रोज तीस लाख लिटर पाणी लागते. गाळून स्वच्छ केलेल्या पाण्याच्या दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, जिला कामगार टीसीएल म्हणतात, सुमारे अडीच ग्रॅम पुरते. म्हणजे साऱ्या गावाला दिवसाला साडेसात किलो! एका घमेल्यात मावेल एवढी ही पावडर गावाचे कॉलरा, विषमज्वर आणि जुलाब यांपासून रक्षण करते. पाणी गढूळ असेल तर ती जास्त लागते; आणि टाकल्यानंतर निदान तासभर ती पाण्यात राहिली पाहिजे, तरच जंतू मरतात.

परंतु यात एक मेख आहे. ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के उपयुक्त क्लोरिन असतो. पोते उघडे राहिले, पावसाळी हवा लागली, गुदामाच्या ओल्या फरशीवर ठेवले, की क्लोरिन उडून जातो आणि मागे राहतो तो जवळजवळ नुसता चुना. मग वहीत 'साडेसात किलो टाकली' ही नोंद खरी असते, टाकणारा माणूसही प्रामाणिक असतो, आणि पाणी मात्र तसेच राहते. म्हणून नुसती नोंद कामाची नाही, तपासणी हवी. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते. ही ओ.टी.ची तपासणी आणि ती टाकीखाली करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला करावी लागते. भारतीय मानकाप्रमाणे तिथेही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असला पाहिजे. टाकीत भरपूर आणि टोकाला शून्य असा प्रकार आढळला, तर समजावे की मधे कुठेतरी नळ फुटून घाण आत शिरते आहे.

ती आत शिरते कशी? पुष्कळ गावांत पाणी तासभर, तेही एक दिवसाआड सोडतात. पाणी चालू असते तेव्हा नळातला दाब बाहेरच्या बाजूस असतो. फुटक्या जागेतून पाणी गळते, इतकेच. पाणी बंद झाले की नळ रिकामा होऊ लागतो, आणि त्याच फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या वेळी पाणी सोडले की पहिल्या धारेबरोबर ते कोणाच्या तरी हंड्यात जाते. चोवीस तास पाणी ही श्रीमंती चैन नव्हे. नळ सदैव भरलेला राहणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. नळ गटारातून किंवा गटाराखालून नेला म्हणजे काय होते, हे समजायला डॉक्टर लागत नाही. व्हॉल्व्ह फिरविणारा कामगार ते नेमके सांगतो. कोणत्या कोपऱ्यावरचा जोड कच्चा आहे हे त्याला नकाशाशिवाय पाठ असते. दूषित पाणी काय करू शकते हे इचलकरंजीने २०१२ च्या उन्हाळ्यात पाहिले. त्या वेळी तिथे नगरपालिकाच होती. पाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीची मोठी साथ आली आणि यंत्रमागांच्या त्या गावात घरोघर माणसे अंथरुणाला खिळली.

एक दिवसाआड पाण्याचा दुसरा परिणाम आणखी विलक्षण आहे. पाणी रोज येत नाही म्हणून गृहिणी पिंपे, बॅरल, रांजण भरून ठेवते. आणि डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटारात अंडी घालीत नाही. त्याला स्वच्छ साठविलेले पाणीच आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सारी भांडी रिकामी करून कोरडी करावीत, तो 'कोरडा दिवस' पाळावा, असे आरोग्यखाते सांगते. हा आठवडा कोणी मनाला येईल तसा ठरविलेला नाही. तो डासाच्या आयुष्याचा हिशेब आहे. शिवाय नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि पाण्याशिवाय कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून आतली कड घासली पाहिजे. भांडे रिकामे करता येत नसेल तर त्यात अळीनाशक टाकतात किंवा गप्पी मासे सोडतात.

रस्त्यातून धुराची गाडी जाऊ लागली की लोकांना वाटते, नगरपालिका जागी झाली. वास्तविक पाहता त्या धुराने त्या घटकेला उडत असलेले डास तेवढे मरतात. पिंपातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. आठवड्याच्या आत नवी पिढी बाहेर पडते. पण धूर दिसतो, आणि अळ्या शोधत घरोघर बॅटरी घेऊन फिरणारी आरोग्यसेविका दिसत नाही. नगरसेवकाकडे मागणी होते ती धुराची. आता सांगा, डेंग्यूचा प्रश्न आरोग्यखात्याचा की पाणीपुरवठ्याचा? खाती दोन असतील, बॅरल एकच आहे. घरोघर बॅरल भरून ठेवावेच लागणार नाही अशी व्यवस्था केल्याखेरीज नुसत्या उपदेशाने ते रिकामे होणार नाही.

यानंतर येतो तो विषय सभ्य लोक टाळतात. मैला कुठे जातो? एके काळी आपल्या गावांत टोपलीचे संडास होते आणि ती टोपली माणसाच्या डोक्यावरून जाई. कोणाच्या डोक्यावरून, हे जातीने ठरविलेले होते. १९४९ साली मुंबई सरकारने या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात सोप्या संडासाचे प्रयोग स्वतःच्या हाताने केले; माणसाला मैला वाहावाच लागू नये, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९९३ साली आणि अधिक कडकपणे २०१३ साली कायदा होऊन हाताने मैला उचलण्यास बंदी झाली.

टोपली गेली, पण मैला गेला नाही. तो आपल्या घराखालच्या टाकीत उतरला. लहान गावांत भुयारी गटारे क्वचितच आहेत. सेप्टिक टँक दोनतीन वर्षांनी उपसावा लागतो. न उपसल्यास गाळ वर चढून तशीच घाण पाण्याबरोबर गटारात जाऊ लागते. आपण मात्र टाकी भरून वर येईपर्यंत वाट पाहतो, आणि मग घाईघाईने दोन पोरे बोलावून झाकण उघडतो.

त्या झाकणाखाली काय असते ते ऐका. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. आत उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, आता धोका नाही. नेमक्या त्याच वेळी धोका सर्वांत मोठा असतो. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचे शास्त्र हे आहे. मागून उतरणारा बहुधा भाऊ असतो, नाहीतर मित्र.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षणाच्या साधनांशिवाय कोणालाही गटारात वा टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेला जसा लागू आहे तसाच घरमालकाला आणि गृहसंस्थेच्या सेक्रेटरीलाही आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण श्रोतेहो, भरपाई ही मेल्यानंतरची गोष्ट झाली. जगण्याचा उपाय याहून स्वस्त आहे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी तक्रार येण्याची वाट न पाहता प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडीने उपसण्याची पद्धत घातली, आणि तो मैला नदीनाल्यात न ओतता प्रक्रियाकेंद्रात नेला. वाई आणि सिन्नर काही मुंबई-पुणे नव्हेत. लहान गावाला हे जमत नाही असे यापुढे कोणी म्हणू नये.

दुपारनंतर कचेरीत एक काम चालते, त्याकडे आपण केवळ दाखल्याचे काम म्हणून पाहतो. ते म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म वा मृत्यू एकवीस दिवसांच्या आत कळवावा लागतो. शाळेला, वारसाला, पेन्शनला दाखला लागतो म्हणून आपण तिथे जातो. पण त्या रजिस्टराचा खरा उपयोग निराळाच आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी सरकारी नोंदणी कचेरीतून मृत्यूंची यादी मिळविली, घरोघर चौकशी केली आणि पाहिले तो बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवतालचे! त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर उतरणीस लागली होती हे खरे. पण कॉलरा पाण्यातून येतो हे त्या यादीने दाखविले. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू ओळखला तो पुढे १८८३-८४ मध्ये. म्हणजे जंतू सापडण्याच्या तीस वर्षे आधी, नुसत्या मृत्यूच्या यादीवरून रोगाचा मार्ग सापडला. आपल्या नगरपालिकेतल्या रजिस्टरात ही शक्ती आजही आहे. एकाच गल्लीतल्या तीन नोंदींखाली एकच कारण दिसले, तर कारकुनाने ते आरोग्य निरीक्षकाला त्याच दिवशी सांगितले पाहिजे. रजिस्टर कपाटात राहिले तर तो निव्वळ कागद आहे.

कोणी म्हणेल, हे सारे खात्याने करावे, आम्ही कर भरतो. खरे आहे. पण लोकांच्या विश्वासाशिवाय आरोग्याचे काम होत नाही, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेग समितीचे काम रँडसाहेबाकडे आले. घरांत शिपाई शिरले, माणसे ओढून नेली. हेतू रोग शोधण्याचा, पण रीत शत्रूची. लोकांनी रोगी लपविले आणि शेवट गणेशखिंडीत झाला. त्याच १८९७ साली मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. शास्त्र हजर होते, विश्वास नव्हता. १८९७ चाच कायदा २०२० साली कोविडच्या वेळी पुन्हा काढावा लागला. त्या वेळी आपण दारे लावून आत बसलो असता रोज सकाळी दारात घंटा वाजवीत कोण आले, आणि नातलग जवळ जाईनात त्या प्रेतांना अग्नी कोणी दिला, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आणि ही माणसे आज आहेत कोणत्या स्थितीत? पूर्वी झाडूवाला नगरपालिकेच्या आस्थापनेवर असे. आता पुष्कळ ठिकाणी काम ठेकेदाराकडे गेले आहे. मी युनियनचा माणूस, तेव्हा पगाराची बाजू मी मांडणारच. पण आज तुमच्या फायद्याची बाजू सांगतो. ठेका बदलला की माणसे बदलतात. कोणता जोड कच्चा, कोणत्या चेंबरमध्ये वायू साचतो, कोणत्या वाड्यात पाण्याची पिंपे झाकलेली नसतात, हे जे पाठ होते ते त्या माणसाबरोबर निघून जाते. नव्या माणसाला ते पुन्हा शिकावे लागते, आणि त्या शिकण्याची फी गाव भरते. कधी काविळीने, कधी डेंग्यूने. ज्याला उद्या आपण कामावर असू की नाही हे ठाऊक नाही, तो वरच्या माणसाला 'टीसीएल खराब झाली आहे' असे सांगण्याचे धाडस कसे करील? कामगाराची नोकरी पक्की असणे हे आपल्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेले आहे, ते असे.

तेव्हा पुढल्या वेळी नगरसेवक दारी आले म्हणजे धुराची गाडी मागू नका. चार प्रश्न विचारा. गावाच्या शेवटच्या नळाची क्लोरिनची तपासणी काल झाली का, आणि ती वही पाहायला मिळेल का? माझ्या घराची टाकी उपसण्याची पाळी कोणत्या वर्षी आहे? गटारात उतरणाऱ्या माणसाला त्याऐवजी यंत्र केव्हा मिळणार? आणि आमच्या गल्लीत किती वर्षांपासून तोच माणूस झाडतो?

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी नगरपालिकेत जाण्याचीही गरज नाही. उद्या सकाळी तो दारात येईलच. त्याचे नाव विचारा, ओला आणि सुका कचरा निरनिराळा करून त्याच्या हाती द्या, आणि फुटकी काच असेल तर ती कागदात गुंडाळून वर तसे सांगा. गावाच्या आरोग्याचे काम इतके साधे आहे; ते फक्त एकही दिवस चुकता कामा नये.